स्टाइलशीटचा शिरस्ता

१० ऑक्टोबर १९९४ रोजी, जिनिव्हानजीकच्या सर्न या अणुविज्ञान संस्थेत काम करणाऱ्या हॉकोन विउम ली या नॉर्वेजियन तरुणाने, वेबवरील लिखाणाला दृश्य रूप कसे द्यावे याविषयीची एक छोटेखानी तजवीज सर्वांच्या विचारार्थ मांडली. आणि तीनच दिवसांनी, अटलांटिकच्या पलीकडे, पुढे नेटस्केप या नावाने विख्यात झालेल्या कंपनीने आपला पहिला ब्राउझर जाहीर केला. वेबपानांना रूप देण्याच्या धंद्याचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास म्हणजे या दोन घटनांतून निघालेल्या दोन पक्षांचा तंटा होय, असे म्हटल्यास ते फारसे चुकणार नाही: एका पक्षाचे म्हणणे असे की मजकूर आणि त्याचे रूप यांची दफ्तरे निरनिराळी असावीत, दुसऱ्याचे असे की पान आज, आत्ता, ठरवल्याबरहुकूम दिसले पाहिजे, मग दफ्तरांचे काहीही होवो. या तंट्यात पहिल्या पक्षाचा जय झाला, त्याने घालून दिलेला शिरस्ता सुमारे वीस वर्षे निर्वेध चालला, आणि मग त्याच धंद्यातील जाणत्यांनी तो पुरता समजून-उमजून मोडला. तो का मोडला आणि मोडणे कशामुळे शक्य झाले, याची ही हकीकत आहे.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्येच वेबची उभारणी केली तेव्हा एचटीएमएलच्या टॅगांकडे एवढेच काम सोपवले होते की हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, ही यादी आहे, असे त्यांनी सांगावे. शीर्षक किती मोठे दिसावे, परिच्छेदांत अंतर किती असावे, हा कारभार ज्या त्या ब्राउझरचा होता, आणि लेखकाला त्यात बोलण्याची मुभा नव्हती. भौतिकशास्त्रज्ञांच्या टिपणांना ही व्यवस्था पुरेशी होती. परंतु छापील मासिकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या मांडणीची सवय असलेली मंडळी वेबकडे वळू लागली, तेव्हा आपल्याच लिखाणाच्या रूपावर आपला अंमल चालू नये हे त्यांना रुचेना. हॉकोन ली यांच्या तजविजीतील खरी नवलाई अशी की तिने हा अंमल सर्वस्वी लेखकाच्याही हाती दिला नाही आणि सर्वस्वी वाचकाच्याही नाही. त्या मसुद्यात प्रत्येक नियमापुढे टक्केवारी लिहिण्याची सोय होती. मुख्य शीर्षकाचा आकार २४ पॉइंट असावा आणि या आग्रहाचे वजन १०० टक्के. दुय्यम शीर्षकाचा आकार २० पॉइंट असावा, पण वजन ४० टक्केच. म्हणजे उरलेल्या ६० टक्क्यांत वाचकाची स्वतःची आवडनिवड, त्याची अधू दृष्टी, त्याचा लहानसा पडदा यांना जागा राहावी. लेखक, वाचक आणि ब्राउझर यांची मते एकावर एक ओघळत येऊन शेवटी जे ठरेल ते रूप, अशी ती कल्पना होती, आणि त्या ओघळण्यावरूनच त्या पद्धतीला ‘कॅस्केडिंग’ हे विशेषण मिळाले.

डच प्रोग्रामर बर्ट बॉस हे पुढे ली यांना येऊन मिळाले, आणि १७ डिसेंबर १९९६ रोजी डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने सीएसएसच्या, म्हणजे कॅस्केडिंग स्टाइलशीटच्या, पहिल्या आवृत्तीवर अधिकृत शिफारशीची मोहोर उठवली. त्या शिफारशीत टक्केवारी नव्हती. तिच्या जागी कोणाचा नियम कोणावर मात करील याचा एक क्रम ठरवून दिलेला होता, आणि त्या क्रमात लेखकाचा आग्रही नियम वाचकाच्या आग्रही नियमालाही भारी ठरत होता. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीने हा अन्याय दूर करून वाचकाच्या आग्रहाला अखेरचा शब्द दिला खरा; पण तोवर वाचकाची आठवण ठेवणारे फारसे कोणी उरले नव्हते. माझ्या मते या संपूर्ण इतिहासात मनाला चुटपुट लावील असा प्रसंग हाच: वाटाघाटीची एक सुंदर कल्पना पहिल्याच मसुद्यात जन्मली आणि पहिल्याच शिफारशीत बरखास्त झाली.

बाजाराने तर शिफारशीची वाटही पाहिली नाही. नेटस्केपने अक्षरांचा रंग आणि आकार सांगणारा ‘फॉन्ट’ हा टॅग आपल्या अखत्यारीत काढला, तक्त्यासाठी केलेला टॅग पानाची आखणी करण्यास जुंपला गेला, आणि एक पिक्सेल रुंदीचे अदृश्य चित्र ताणून दोन मजकुरांत अंतर राखण्याची युक्ती डेव्हिड सिगेल यांच्या १९९६ मधील पुस्तकाने घरोघरी पोहोचवली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मायक्रोसॉफ्टच्या तिसऱ्या एक्स्प्लोररने सीएसएस वाचण्यास आरंभ केला, तोही असा धडपडत की एकाच स्टाइलशीटचे दोन ब्राउझरांत दोन अवतार दिसावेत. या अराजकाला कंटाळलेल्या पानकर्त्यांनी १९९८ मध्ये वेब स्टँडर्ड्‌स प्रोजेक्ट नावाची चळवळ उभारली, आणि ब्राउझर कंपन्यांना शिफारशींचे पालन करावयास लावण्यात तिने बरेच यश मिळवले.

शिरस्त्याला धर्माचे स्वरूप आले ते २००३ साली. कॅनडातील डेव्ह शे या डिझायनरने त्या वर्षीच्या मे महिन्यात ‘सीएसएस झेन गार्डन’ नावाचे एक स्थळ उघडले. त्यात एचटीएमएलची एकच फाइल होती, आणि तिच्या एका अक्षरालाही हात न लावता, केवळ स्टाइलशीट बदलून, जगभरच्या कलावंतांनी त्या एकाच मजकुराला शेकडो निरनिराळी रूपे दिली: कोठे जपानी चित्रपट, कोठे जुन्या पोस्टरांचा थाट, कोठे पाण्याखालचे विश्व. ज्यांनी ते त्या काळी पाहिले त्यांच्यावर त्याची जी मोहिनी पडली ती आजच्या नवशिक्यास समजावून सांगणे कठीण आहे. त्यातून जो दंडक रुजला तो असा: क्लासचे नाव त्या वस्तूचा अर्थ सांगणारे असावे, रूप सांगणारे नसावे. सूचनेच्या चौकटीला ‘सूचना’ म्हणावे. ‘लाल-चौकट’ म्हणणे हे अडाणीपणाचे लक्षण, कारण उद्या सूचना निळी झाली तर नाव खोटे पडेल. मुलाखतीत उमेदवाराची पारख या एका प्रश्नावर होत असे, आणि रूपवाचक नाव देणारा उमेदवार कच्चा समजला जाई.

या दंडकात एक गृहीतक दडलेले होते, आणि ते कोणी बोलून दाखवत नव्हते. झेन गार्डनमधील एचटीएमएल बदलत नव्हते. ते एकदा लिहून पुरे झालेले, एका माणसाने हाताने रचलेले लिखाण होते. शीर्षक, परिच्छेद, यादी आणि पुन्हा परिच्छेद, अशा लेखवजा पानाला तो नियम शोभून दिसे. परंतु झेन गार्डन उघडल्यानंतर चौदा महिन्यांनीच, जुलै २००४ मध्ये, डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन या डॅनिश प्रोग्रामरने बेसकॅम्प या आपल्या उत्पादनातून वेगळे काढलेले रूबी ऑन रेल्स हे फ्रेमवर्क सर्वांसाठी खुले केले, आणि पान ही वस्तूच पालटू लागली. रेल्समध्ये पान कोठे लिहून ठेवलेले नसते. विनंती आली की नोंदवहीतून, म्हणजे डेटाबेसमधून, नोंदी काढून, लेआउटच्या चौकटीत टेम्प्लेट आणि टेम्प्लेटाच्या पोटात पार्शल बसवून ते त्या क्षणी घडवले जाते. अधोरेखेने सुरू होणाऱ्या नावाची पार्शलची फाइल एकदा लिहावी आणि वीस पानांवरून तिला बोलवावे, ही रेल्सची रीत. एकच मजकूर पुन्हा पुन्हा लिहावा लागू नये, ही जी मूळ निकड स्टाइलशीटने अंशतः भागवली होती, ती आता टेम्प्लेटच्या पातळीवर अधिक चोखपणे भागू लागली होती. दंडक मात्र तसाच राहिला, कारण शिरस्ते हे कारण संपल्यावरही काही काळ चालतात.

त्याचे परिणाम रेल्सच्या प्रकल्पांतून काम केलेल्या कोणालाही सांगता येतील. ऑगस्ट २०११ मध्ये आलेल्या ३.१ या आवृत्तीने ‘अॅसेट पाइपलाइन’ नावाची व्यवस्था आणली आणि तिच्याबरोबर सॅस ही सीएसएसची सुधारित बोली. नवा कंट्रोलर निर्माण केला की त्याच्या नावाची एक स्वतंत्र स्टाइलशीट आपोआप तयार होई, आणि तिच्या माथ्यावर एक टिप्पणी असे, की या कंट्रोलरसंबंधीचे सर्व नियम येथे लिहावेत, ते मुख्य स्टाइलशीटमध्ये आपोआप सामील होतील. नवशिका पहिले वाक्य वाची आणि दुसरे विसरे. इनव्हॉइसच्या फाइलमध्ये लिहिलेला नियम इनव्हॉइसच्या पानापुरताच चालेल असे त्याला वाटे. प्रत्यक्षात त्या फोल्डरातील यच्चयावत फाइली एकत्र बांधून एकच गठ्ठा सर्व पानांवर पाठवला जात असे, आणि इनव्हॉइसच्या तक्त्यासाठी बटणाची कड गोल केली की लॉगिनच्या पानावरील बटणही गोल होई. ज्याने हे एकदा अनुभवले तो पुढे जुन्या नियमाला हात लावण्यास धजत नसे. तो खाली नवा नियम लिही, त्याला अधिक वजन देई, आणि पुढे जाई. अशा रीतीने स्टाइलशीट वाढतच जाई. तिच्यातील कोणता नियम अद्याप कोणत्या पानावर वापरात आहे याचा जाबता कोणापाशीही नसल्यामुळे तीतून एक ओळ वगळण्याचे धाडस कोणी करत नसे, आणि प्रकल्प सोडून गेलेल्या माणसांचे नियम त्यांच्यामागे वर्षानुवर्षे अंमल गाजवत राहत.

यावर उपाय शोधण्याचे प्रयत्न अनेक झाले. निकोल सलिव्हन यांनी २००९ च्या सुमारास असे प्रतिपादन केले की स्टाइलशीटची रचनाही वस्तुनिष्ठ प्रोग्रामिंगच्या धर्तीवर, पुन्हा पुन्हा वापरता येतील अशा तुकड्यांनी करावी. रशियातील यांडेक्स कंपनीने नावे देण्याची एक कडक पद्धत बसवली. आणि ऑगस्ट २०११ मध्ये ट्विटरमधील मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी बूटस्ट्रॅप प्रसिद्ध केले, ज्यात बटण, पेटी, पट्टी असे घडीव घटक तयारच मिळत. बूटस्ट्रॅपने असंख्य प्रकल्पांचा दिवस गोड केला. मात्र दोन-तीन वर्षांतच सारी वेब एका साच्यातून काढल्यासारखी दिसू लागली, आणि तो साचा थोडासा मोडायचा म्हटले की पुन्हा वर नियम चढवण्याचा जुनाच प्रपंच करावा लागे.

उघड बंडाची भाषा प्रथम थिएरी कोब्लेंट्झ यांनी केली. याहूतील अनुभवावरून त्यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये स्मॅशिंग मॅगझिनात एक लेख लिहून असे मांडले की अर्थवाचक नावांचा दंडकच मोठ्या प्रकल्पांना घातक आहे. त्याऐवजी एक क्लास म्हणजे रूपाची एकच बारीकशी बाब, असे शेकडो क्लास करावेत आणि ते एचटीएमएलमध्येच जोडावेत. वाचकांनी त्यांच्यावर झोड उठवली. अॅडम मोर्स यांनी २०१४ मध्ये टॅकियॉन्स हा याच मताचा संच तयार केला, आणि त्याला एक लहानसा निष्ठावंत पंथ मिळाला. परंतु हे मत धंद्याच्या मध्यभागी आणून बसवण्याचे श्रेय अॅडम वॉथन या कॅनडातील प्रोग्रामरकडे जाते, आणि ते रूपाच्या पंढरीतून आलेले नव्हते, फ्रेमवर्काच्या गोटातून आले होते, ही गोष्ट मला फार सूचक वाटते. लाराव्हेल या पीएचपीच्या फ्रेमवर्काचे जाणकार आणि शिक्षक म्हणून त्यांची ख्याती होती. काइटटेल नावाच्या आपल्या एका जोडप्रकल्पावर काम करताना त्यांनी स्वतःपुरते जे बारीक क्लास जमवले होते, त्यांविषयी, ते काम थेट प्रक्षेपणात पाहणारे प्रेक्षक पुन्हा पुन्हा विचारू लागले, आणि त्यांतून टेलविंड जन्मास आले.

ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी लिहिलेला निबंध हा या बंडाचा जाहीरनामा म्हणावा लागेल. त्यातील युक्तिवाद साधा पण मर्मभेदी आहे. आपण मजकूर आणि रूप वेगळे केले असे म्हणतो, पण वेगळेपणा कधी झालेलाच नसतो. प्रश्न एवढाच की कोण कोणावर अवलंबून आहे. झेन गार्डनमध्ये स्टाइलशीट एचटीएमएलच्या रचनेवर सर्वस्वी अवलंबून असते, म्हणून एचटीएमएलला नवे रूप देता येते, पण स्टाइलशीट दुसरीकडे वापरता येत नाही. बूटस्ट्रॅपमध्ये एचटीएमएल स्टाइलशीटवर अवलंबून असते, म्हणून स्टाइलशीट पुन्हा वापरता येते. दोहोंपैकी आपल्याला काय हवे ते निवडावे, आणि निवडल्यावर शुचितेच्या गप्पा मारू नयेत. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला, जोनाथन रायनिंक, डेव्हिड हेमफिल आणि स्टीव्ह शोगर यांच्या साहाय्याने, टेलविंडची पहिली आवृत्ती बाहेर पडली.

ज्याने टेलविंड पाहिलेले नाही त्याच्यासाठी एक बटण येथे उलगडून दाखवतो. बटणाच्या टॅगात क्लासच्या जागी अशी नामावळी असते: ‘पीएक्स-४ पीवाय-२ बीजी-ब्लू-६०० टेक्स्ट-व्हाइट राउंडेड हॉवर:बीजी-ब्लू-७००’. डावी-उजवीकडे चार मात्रांचे अंतर, वर-खाली दोनांचे, पार्श्वभूमी निळी आणि ती निळ्याच्या सहाशेव्या छटेची, अक्षरे पांढरी, कोपरे गोल, आणि माउस वर आला की छटा एक पायरी गडद. चार मात्रा म्हणजे एक रेम, बहुतेक ब्राउझरांत १६ पिक्सेल. जुन्या छापखान्यात खिळे जुळवणारा कारागीर केसमधल्या ठरावीक मापाच्या खिळ्यांतून ओळ रचत असे, त्याला मधल्याच एखाद्या मापाचे अक्षर वापरण्याची सोय नसे, आणि त्या मर्यादेतच त्याच्या पानाचा नेटकेपणा होता. टेलविंडच्या मात्रा आणि छटा यांचे काम तसेच आहे. टॅगातच रूप लिहिण्याची जुनी निषिद्ध पद्धत आणि ही पद्धत एकच, असा जो आक्षेप आरंभी घेण्यात आला, त्याला हेच उत्तर होते: तेथे हवा तो आकडा लिहिण्याची बेबंद मोकळीक असते, येथे फेरिस्त ठरलेली असते, शिवाय माउसची चाहूल किंवा पडद्याची रुंदी यांना अनुसरणारे नियम टॅगातील जुन्या पद्धतीत लिहिताच येत नाहीत.

तरी ती नामावळी कुरूप आहे, हे मान्य करावेच लागते. वीस बटणांवर ती वीस वेळा लिहावी लागली असती तर कोणत्याही शहाण्या माणसाने हे साधन दूर फेकून दिले असते, आणि साध्या, हाताने लिहिलेल्या एचटीएमएलमध्ये ते दूर फेकणेच योग्य ठरते. ते तगले याचे कारण बटणाची पार्शल एकच असते. मजकूर आणि रूप यांमधील जुनी भिंत पाडली गेली ती एका पार्शलच्या आत. पार्शल आणि पार्शल यांच्यामध्ये नवी भिंत आधीच उभी होती. ही भिंत फ्रेमवर्कांनी बांधली होती, टेलविंडने ती फक्त ओळखली. म्हणूनच या साधनाचा खरा इतिहास, माझ्या मते, त्याच्या रंगांचा आणि मात्रांचा नसून फ्रेमवर्काच्या घरात त्याने बिऱ्हाड कसे थाटले याचा आहे, आणि तो इतिहास आरंभी चांगलाच खडतर होता.

पहिली अडचण वजनाची. छटा, मात्रा, पडद्यांच्या रुंदी आणि माउसच्या अवस्था यांच्या सर्व संयोगांचे क्लास आधीच करून ठेवायचे म्हटले की फाइल फुगत जाई. दुसऱ्या आवृत्तीची अखंड फाइल ३,७०० किलोबाइटांहून मोठी होती. म्हणून प्रकल्पातील टेम्प्लेटे चाळून, ज्या क्लासचे नाव कोठेच आढळत नाही त्याचा नियम गाळून टाकणारी पर्ज नावाची प्रक्रिया अखेरच्या टप्प्यावर चालवावी लागे. तीतून गेल्यावर उरणारी फाइल बहुधा दहा किलोबाइटांच्या आतबाहेर असे. दुसरी अडचण परक्या मुलखाची. टेलविंड नोडच्या, म्हणजे जावास्क्रिप्टच्या, राज्यातले, रेल्स रूबीच्या. २०१९ च्या सहाव्या आवृत्तीत रेल्सने वेबपॅकर हा नोडवर चालणारा गठ्ठेकरी मुक्रर केला होता, आणि त्याच्या मार्गाने टेलविंड आणायचे तर नोड, यार्न, पोस्टसीएसएसची फाइल, वेबपॅकची फाइल, एवढ्यांचे परवाने एकमेकांशी जुळवावे लागत. त्यांतील एकाची आवृत्ती पुढे सरकली की सारे ठप्प होई. रूबीवर प्रेम करणारी माणसे त्या काळात जेवढी करवादली तेवढी क्वचितच कधी करवादली असतील.

या दोन्ही अडचणी एकाच वर्षात, २०२१ मध्ये, फिटल्या. वर्षाच्या आरंभी हॅन्सन यांनी ‘टेलविंडसीएसएस-रेल्स’ हे जेम काढले. त्यात अखंड फाइल तयारच दिलेली असे आणि गाळण्याचे काम रूबीतच लिहिलेले होते. मार्चमध्ये टेलविंडच्या मंडळींनी क्रमच उलटवला: आधी सर्व घडवून मग गाळण्याऐवजी, टेम्प्लेटात नाव आढळेल तसतसा तेवढाच नियम घडवावा. ९ डिसेंबरच्या तिसऱ्या आवृत्तीत हाच मुख्य मार्ग झाला. त्याच महिन्यात नोडची वेगळी स्थापना न करता चालणारी टेलविंडची एकसंध फाइल प्रसिद्ध झाली, आणि १५ डिसेंबरला वेबपॅकरला निरोप देणारे सातवे रेल्स आले. त्या एकसंध फाइलीच्या पोटात नोड बांधलेलाच होता, म्हणजे परका मुलूख नाहीसा झाला नव्हता, तो नजरेआड झाला होता; पण कारभारात पुष्कळदा तेवढे पुरते.

तेव्हापासून नवा प्रकल्प उभारताना एक शब्द अधिक लिहिला की टेलविंड घरात येते, आणि जुन्या प्रकल्पात जेम घालून एक हुकूम सोडला की काम भागते. मूळ स्टाइलशीट एका जागी राहते, घडवलेली फाइल ‘अॅप/अॅसेट्स/बिल्ड्‌स’ या फोल्डरात रुजू होते, आणि सर्व्हरवर चढवताना ‘अॅसेट्स:प्रीकंपाइल’ हा नेहमीचा हुकूम टेलविंडचे काम आधी उरकून घेतो. काम करताना मात्र ‘बिन/डेव्ह’ने आरंभ करावा लागतो, कारण तो दोन कारकून एकदम बसवतो: एक पाने वाढणारा, दुसरा टेम्प्लेटांवर नजर ठेवून स्टाइलशीट घडवणारा. जुन्या सवयीने ज्याने नुसता सर्व्हर चालू केला त्याचा नवा क्लास पानावर उमटत नाही.

याहून खोल खाच आहे ती क्लासच्या नावांची. स्टाइलशीट घडवणारा तो कारकून रूबी जाणत नाही. तो टेम्प्लेट चालवून पाहत नाही, निव्वळ मजकूर म्हणून वाचतो. समजा, बिल भरले असेल तर हिरवी पट्टी आणि थकले असेल तर लाल, असे हवे आहे, आणि प्रोग्रामरने, पुनरुक्ती टाळण्याच्या रेल्सच्या संस्कारानुसार, ‘बीजी-’ यापुढे रंगाचे नाव रूबीने घालून आणि त्यापुढे ‘-१००’ जोडून क्लास तयार केला. कारकुनाला ‘बीजी-रेड-१००’ हे अखंड नाव कोठेच दिसत नाही, म्हणून तो नियम घडत नाही, आणि थकलेल्या बिलाची पट्टी पांढरीच राहते. गंमत अशी की हिरवी पट्टी मात्र दिसू शकते, कारण दुसऱ्या एखाद्या पानावर कोणीतरी ‘बीजी-ग्रीन-१००’ पूर्ण लिहिलेले असते. त्यामुळे शोध भलत्याच दिशेने सुरू होतो. उपाय हाच की हेल्परमध्ये प्रत्येक अवस्थेसमोर क्लासचे पूर्ण नाव लिहावे, पुनरुक्ती झाली तरी. तिसऱ्या आवृत्तीत तर कारकुनाने कोणते फोल्डर वाचावेत याची यादीही द्यावी लागे, आणि फॉर्मची रचना ज्या इनिशियलायझरमध्ये लिहिलेली असे तो त्या यादीत नसल्यामुळे फॉर्म उघडे पडत. रेल्सचीही एक जुनी खोड आहे: चूक असलेल्या रकान्याभोवती ते स्वतःहून एक ‘डिव्ह’ गुंडाळते, आणि ओळीत नीट बसलेले फॉर्मचे रकाने, वापरणाऱ्याने ईमेल चुकवला की त्याच क्षणी विस्कटतात.

टेलविंड पानावर आले की ‘प्रीफ्लाइट’ नावाची त्याची आरंभीची झाडलोट ब्राउझरने दिलेले सर्व रूप पुसून टाकते. शीर्षके मजकुराएवढी होतात, याद्यांचे ठिपके जातात. अॅपच्या पार्शलींना हे मानवते. पण त्याच अॅपमध्ये कोणी लेख लिहिला, म्हणजे शीर्षक, परिच्छेद, यादी असा हाताने रचलेला मजकूर रेल्सच्या लेख लिहिण्याच्या सोयीतून, म्हणजे अॅक्शन टेक्स्टमधून आला, तर तो सपाट, निर्जीव दिसतो, कारण त्यातील टॅगांना क्लास लावणारे कोणी नसते. २०२० मध्ये टेलविंडच्याच मंडळींना त्यासाठी ‘प्रोज’ हा एक क्लास देणारे जोडसाधन काढावे लागले, ज्याच्या आत शीर्षकाला शीर्षकासारखे आणि यादीला यादीसारखे रूप जुन्याच पद्धतीने, टॅगाच्या अर्थावरून मिळते. जो शिरस्ता मोडला त्याचा मूळ मुलूख कोणता होता, हे यावरून दिसून येते: तो लेखांसाठी घातलेला होता आणि लेखांपुरता आजही बरोबर आहे. अॅपला तो लावणे ही त्याच्यावर लादलेली जबाबदारी होती.

पुढील वाटचाल थोडक्यात सांगण्यासारखी आहे. लाराव्हेलने २०२० च्या आठव्या आवृत्तीत पाने उलटण्याच्या पट्टीचे रूप बूटस्ट्रॅपवरून टेलविंडवर नेले. एलिक्सरमधील फीनिक्स फ्रेमवर्काने फेब्रुवारी २०२३ च्या १.७ या आवृत्तीत त्याला घरचेच केले. आणि २२ जानेवारी २०२५ च्या चौथ्या टेलविंडने मुख्य यंत्राचे जड काम रस्ट भाषेत नेऊन फोल्डरांची यादीही अनावश्यक केली. जावास्क्रिप्टमधील पसंतीची वेगळी फाइलही गेली. मात्रा, छटा, अक्षरांचे आकार आता स्टाइलशीटमध्येच ‘थीम’ या सदरात लिहायचे.

या शेवटच्या बदलाकडे मराठी पाने करणाऱ्यांनी लक्ष द्यावे, असे सुचवावेसे वाटते. टेलविंडची फेरिस्त रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे. ‘टेक्स्ट-५एक्सएल’ आणि त्याहून मोठ्या अक्षरांना तिने ओळीची उंची अक्षराच्या आकाराएवढीच दिली आहे. इंग्रजी मथळा तीत डौलदार दिसतो, पण दोन ओळींच्या मराठी मथळ्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीवर आणि रफारावर आदळतो. ‘ट्रॅकिंग-वाइड’ हा अक्षरांत अंतर पाडणारा क्लास लावला तर शिरोरेखा तुटून शब्दाचे तुकडे पडतात. अक्षरांच्या टाइपांची जी मूळ यादी आहे तीत देवनागरीचा एकही टाइप नाही, म्हणून वाचकाच्या यंत्रावर जो असेल तो पुढे येतो. आजवर आपल्याकडील प्रकल्पांत हे दोष पानोपानी, सुटे क्लास लावून झाकण्यात आले आहेत. त्याची गरज राहिलेली नाही. नवा मराठी प्रकल्प हाती घेताना पहिले पान रचण्यापूर्वीच थीमच्या सदरात मोठ्या अक्षरांच्या ओळीची उंची निदान १.३ करावी, देवनागरी टाइपचे नाव यादीच्या आरंभी घालावे, आणि शिरोरेखा तोडणारे क्लास वापरू नयेत असे प्रकल्पाच्या टिपणात लिहून ठेवावे; दहा-बारा ओळींचे काम आहे.